नत्थूभाऊची सातवी थाप

नत्थूभाऊ वासनिक माणसांना भिंती ओलांडायला शिकवायचा. हे ऐकून लोक आधी हसत, मग विचारत, चोरीची शाळा काढली का. मीही विचारलं होतं. तो चिडला नाही. "बाबाराव, तुमचे गुडघे किती वर्साचे आहेत?" एवढंच म्हणाला. मी सदरच्या बाजारात दिवसभर मशीनवर बसणारा टेलर. चाळिशीतच जिना चढताना कठडा धरायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, आणि रागाच्या भरात गेलो हे कबूल करतो.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. नत्थूभाऊ तेव्हा आमच्या वस्तीमागच्या एका बंद पडलेल्या जिनिंगचा चौकीदार होता. कापूस यायचा थांबला होता, पण ओटे, गोदामं, पडक्या भिंती जागच्या जागी होत्या. त्यातूनच त्याने वाट आखली होती. ओट्यावरून भिंतीवर, भिंतीवरून गोदामाच्या छतावर, तिथून दोन गोदामांमधली फट ओलांडून पलीकडच्या छतावर, आणि शेवटी मागच्या कंपाउंडवरून गल्लीत उडी. पडायचं कसं हे त्याने आधी महिनाभर मातीत शिकवलं. अंग गोल करायचं, खांद्यावर पडायचं, श्वास कोंडून धरायचा नाही.

तीन महिन्यांत माझे गुडघे कुरकुरायचे थांबले. विड्या वळून वळून पाठीत वाकलेली गोपिका ताठ चालायला लागली आणि एक दिवस ठेकेदाराला तोंडावर उलट उत्तर देऊन आली. नत्थूभाऊ धरून आम्ही असे सहा जण झालो. नत्थूभाऊ दर रविवारी घरोघरी फिरून आणखी माणसं शोधायचा. लोक त्याला चहा पाजत आणि वाटेला लावत.

हे वेड त्याला खाणीतून लागलं होतं. कन्हानकडच्या एका कोळशाच्या खाणीत तो आणि धाकटा भाऊ गोविंदा एकाच टोळीत होते. छत खाली आलं तेव्हा दोघं पळत सुटले. वाटेत कोळसा वाहायचा रुळावरचा डबा आडवा झाला होता. नत्थूभाऊने त्यावरून उडी घेतली. गोविंदा डब्यापाशी थबकला, तो तिथेच गाडला गेला. "बस, थबकला," नत्थूभाऊ सांगायचा. "कोणी शिकवलं असतं त त्यानंही उडी घेतली असती."

खाणीतली एक रीत त्याने इथे आणली होती. अंधाऱ्या बोगद्यातून टोळी निघाली की प्रत्येक जण ठरलेल्या लाकडी खांबाला एक थाप द्यायचा. पुढचा माणूस मागे न बघता थापा मोजायचा, म्हणजे कोणी राहिलं का ते कळे. इथे फट ओलांडली की पलीकडच्या छताच्या पत्र्याला थाप द्यायची. मागे बघायची बंदी, कारण उडीच्या तोंडावर मान वळली की पाय चुकतो. सगळ्यांत पुढे नत्थूभाऊ, माझा नंबर पाचवा, गोपिका शेवटची.

त्या हिवाळ्यात एका सकाळी दाट धुकं होतं. माझी थाप झाली, मागून गोपिकाची झाली. मग आणखी एक आली. हलकी, जरा थांबून दिलेली.

खाली उतरल्यावर मी गोपिकाला विचारलं, "तूच दोनदा मारते का वं?"

"नाई. माह्या मागं कोणी तरी येते," ती म्हणाली.

"भेव नाई लागत तुले?"

"मागं कोणी असलं त बरं वाटते, भाऊ."

नत्थूभाऊच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला होता. "गोविंदा आहे," तो म्हणाला. "शिकून राहिला. येऊ द्या त्याले."

त्या दिवसापासून रोज सात थापा पडायला लागल्या. सातवी पडल्याशिवाय नत्थूभाऊ पुढे पाय टाकत नसे. मी सोडून जायला हवं होतं. पण माणूस गुडघ्यांपायी काय काय सहन करतो, आणि भीतीचीसुद्धा सवय होते.

मे महिन्यात एका सकाळी सहाच पडल्या. माझ्यामागे एकच थाप आली. त्याआधी कुठेतरी बारीक आवाज झाल्यासारखा वाटला होता, पण लगेच थाप आली, म्हणून मी मान वळवली नाही. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. आम्ही सहा आणि थापाही सहा. उन्हाळा लागल्यापासून गोपिका छताशेजारच्या कडुनिंबावरून उतरून परस्पर घरी जायची, त्यामुळे गल्लीत ती दिसली नाही याचं कोणाला काही वाटलं नाही.

नत्थूभाऊ तेवढा हिरमुसला होता. "आज नाई आला गोविंदा," तो म्हणाला.

अकरा वाजता तो माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. गोपिकाची सासू बायजाबाई त्याच्याकडे विचारायला आली होती. सून घरी पोचलीच नव्हती, विडीची पानं तशीच भिजत पडली होती. आम्ही सायकलवर डबलसीट निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जिनिंगच्या पत्र्याला हात लावला तर पोळत होता.

गोपिका त्या फटीत होती. दोन्ही भिंती खाली फुगून जवळ आलेल्या, त्यात ती आडव्या अंगाने अडकली होती. हात छातीशी, डोळे मिटलेले. मी तिला मेलेलीच समजलो. नत्थूभाऊने हाक मारली तेव्हा तिचे ओठ हलले. दोर सोडून आम्ही तिला वर काढलं. पायाचं हाड मोडलं होतं, पण श्वास चालू होता.

पाणी पिऊन तिने आमच्याकडे बघितलं. "मी हाका मारल्या," ती म्हणाली. "थाप माह्या डोक्यावरच्या पत्र्यावर पडली, अन् तुमी सारे निंगून गेले."

नत्थूभाऊ खाली बसला. सहामध्ये एक थाप गोविंदाची होती, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं. तिच्या हाकेपेक्षा ती थाप मला प्यारी वाटली होती. याची लाज मला आजही वाटते.

चौथ्या दिवशी आम्ही पाच जण पुन्हा जमलो. मला वाटलं, नत्थूभाऊ शाळा बंद करतो. तो एकटाच छतावर चढला आणि फटीकडे तोंड करून साध्या आवाजात बोलला, "गोविंदा, आता येत जाऊ नोको गा. जित्या माणसाची गफलत होते." मग खाली उतरून आम्हाला सांगितलं, आजपासून थाप नाही, ज्याने त्याने आपलं नाव बोलायचं आणि पुढच्याने वळून बघायचं.

आम्ही फट ओलांडली. पाच नावं झाली. पहिलं नत्थूभाऊचं; नंतरच्या चारही वेळा त्याने वळून माणूस बघितला. पाचवं नाव झाल्यावरही तो फटीकडे बघत उभा राहिला. आम्हीही राहिलो. ऊन वर आलं, पत्रा तापायला लागला, पण कुठूनही काही वाजलं नाही.

मी त्याच्या दंडाला हात लावला.

"बाबाराव," तो म्हणाला, "दुसऱ्यांदा मागं सोडून आलो गा मी त्याले."