नाणं न ठेवलेली धार

प्यो गिलसू एकतीस वर्षं सोलच्या उत्तरेकडच्या एका रिंकमध्ये स्केटच्या पात्यांना धार लावत होते. तिथे शिकायला येणाऱ्या मुली त्यांना काका म्हणत. हात चालू असताना काकांचं तोंडही चालू असे. "पूर्वी बर्फावर वर्तुळं गिरवायची परीक्षा असे. एखादी त्यातच एवढी पुढे जायची, की मग बाकीच्यांनी जीव तोडून नाचलं तरी सोनं तिचंच. आता सगळा खेळ उड्यांचा!"

पात्याला दोन कडा असतात, मधे पन्हाळ. दोन्ही कडा समपातळीत हव्यात. म्हणून काम झालं की काका पात्यावर शंभर वॉनचं नाणं आडवं ठेवत. ते कललं तर पुन्हा घासायचं. यात कधी चूक झाली नव्हती.

दोन हजार दहाच्या फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी दुपारी अख्खी रिंक टीव्हीपुढे जमली होती. तेवढ्यात अकरा वर्षांची सोदाम धावत आली. चार वाजता तिची श्रेणीची परीक्षा, आणि ही पात्यांना कव्हर न घालता फरशीवर चालली होती, त्यामुळे धार गेलेली.

"काका, लवकर! आईला कळलं तर मेलेच मी."

उजवं पातं झालं, नाणं ठेवून झालं. डावं घासताना कोरियाची मुलगी व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या बर्फावर उतरली. काकांचा एक डोळा पडद्यावर. गुण आले, तेवीसच्या फरकाने सोनं! कॅन्टीनवाल्या बाईंनी काकांना मिठीच मारली. त्या गडबडीत काकांनी पातं पुसलं आणि स्केट सोदामला देऊन टाकले.

चार वाजता सोदाम डाव्या पायावरून दोनदा पडली. नापास.

"तिने जगाला मागे टाकलं," आई दाराशीच कडाडली, "आणि तुला साधं उभं राहता येईना!"

"डावा पाय घसरत होता गं."

"घसरेल नाहीतर काय! सराव नको, टीव्ही हवा."

काका चार पावलांवर होते. नाणं टेबलावर जसंच्या तसं पडलेलं त्यांना सोदाम पडली तेव्हाच दिसलं होतं. पण जीभ उचलली नाही.

पुढचे तीन दिवस दर तासाला तोच विजय टीव्हीवर. लोक नव्याने टाळ्या वाजवत, काका यंत्र सुरू करून मान खाली घालत.

सोमवारी सोदामची आई स्केट घेऊन आली. मागे सोदाम.

"काका, हे विकायचेत. तेवढी धार बघा. हिचं स्केटिंग बंद."

काकांनी डाव्या पात्यावर नाणं ठेवलं. ते एका बाजूला कललं. त्यांनी ते तसंच दोघींपुढे धरलं.

"वहिनी, पोरीचा दोष नाही. शुक्रवारी मी हे बघितलं नाही. टीव्ही बघत होतो."

आईचा चेहरा उतरला. "तीन दिवस मी हिला काय काय बोलले..." तिने पिशवीतला दुसरा स्केटही काढून काकांपुढे ठेवला. "नाही विकायचे. नीट करून द्या."

सोदाम मात्र काकांकडेच बघत होती. "तुम्ही दाराशी उभे होतात ना? तेव्हाच का नाही बोललात?"

काकांनी डावं पातं यंत्रावर चढवलं.

पुढच्या परीक्षेत ती पास झाली. पण तेव्हापासून स्केट हातात घेण्याआधी सोदाम स्वतःच्या खिशातलं नाणं काढते आणि दोन्ही पात्यांवर ठेवून बघते. काका हात मागे बांधून उभे राहतात, तिचं बघून होईपर्यंत.