मनकर्णाबाईंचे जवसाचे लाडू

१९८६ची दिवाळी झाली आणि पांढुर्ण्यातल्या मनकर्णाबाईंनी आपल्या सुनेला पहिल्यांदा विचारलं, "तू कोणाची व बाई?"

सुमनच्या हातातला पाण्याचा गडवा हातातच राहिला. सतरा वर्षं दोघींनी शेजारच्या ओळींत कापूस वेचला होता, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर एका फडक्यात भाकर खाल्ली होती. आणि आता कोणाची?

सौंसरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "याला अल्झायमर म्हणतात. हमखास औषध नाही. जवस, अक्रोड, हळद यांतलं काही मेंदूला उपयोगी पडेल का, कोण जाणे. मी खात्री देत नाही. पण बाईंना पोटभर जेवू घाला, खंगल्या आहेत."

सुमननं त्यातलं जवस-अक्रोड-हळद तेवढं घट्ट धरलं. वावरात जाणं बंद केलं. जवस भाजलं, गूळ-अक्रोड घालून लाडू वळले. रोज सकाळी हळदीचं दूध आणि एक लाडू सासूच्या हातात. आपलं नाव एकदा तरी त्या तोंडातून यावं, एवढंच तिचं मागणं. लाडू रोज संपायचा. आठवण मात्र रुसलेल्या नटीसारखी रंगपटात बसून होती.

शेजारच्या कलाबाईंनी टोमणा मारला, "काय व सुमन, म्हातारी तर वाळूनच राहिली. लाडू तूच खाऊन राहिली का?"

"हो न! तुमचं नाव विसराचं औषध म्हणून खाऊन राहिली. गुण नाही येत!"

बोलून गेली, पण रात्रभर तिला तो टोमणा टोचला.

महिन्याभरानं मुंग्यांनी चुगली केली. खाटेखालून निघालेली रांग थेट जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात शिरत होती. सुमननं गाठ सोडली. आत लाडूच लाडू!

"आत्याबाई, हे काय?"

म्हातारीनं गाठोडं छातीशी ओढलं. "हात नको लावू! माह्या सुनेचे आहेत."

"कोणत्या सुनेचे?"

"सुमनचे. कापूस वेचाले गेली वावरात. दिवसभर उपाशी राहते, पण सांगन का कोणाले?"

सुमननं आपलं तोंड तिच्यासमोर आणलं. "मीच सुमन न, आत्याबाई."

मनकर्णाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हट! थे उन्हातान्हात राबते, काळी पडली बिचारी. तू तर सावलीतली दिसतं."

सुमन रडता रडता हसली. मागच्या दारानं बाहेर गेली. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली, पायांना माती फासली, घराला वळसा घातला आणि पुढच्या दारात उभी राहून हाक दिली, "आत्याबाई, आली मी! लई भूक लागली जी!"

असा प्रवेश भल्याभल्यांना साधत नाही! म्हातारीचा चेहरा उजळला.

"आली का व सुमन? किती उशीर केला माय! घे, खा."

"तुमच्याआधी नाही खात. अर्धा तुम्ही."

मुंग्या झटकून लाडू मोडला. सासूनं खाल्ला, सुनेनं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाडू देऊन झाल्यावर सुमन ओटी बांधून मागच्या दारानं निघाली, तेव्हा कलाबाईंनी हटकलंच, "कापूस तर संपला व. कुठं चालली?"

"घरी," सुमन म्हणाली, आणि पुढच्या दाराकडे वळली.