उसण, अर्धशिशी आणि मोहोळचं स्थळ

मोहोळचं स्थळ बघायला जायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात आडावर पाणी शेंदताना माझ्या कमरेत उसण भरली. तेव्हा मी सोलापुरात शाळामास्तर होतो. घागर वर आली, मी मात्र वर आलो नाही. वाकलो होतो तसाच, जमीन बघत बघत घरी पोचलो.

आईनं तव्यावर मीठ भाजलं, फडक्यात बांधलं आणि कंबर शेकली. मामाला ते पटलं नाही. वडील गेल्यापासून मामा आमच्याकडेच राहत असे आणि घरातला शेवटचा शब्द त्याचा. तो मला तालमीत घेऊन गेला. वस्तादानं तेल लावून कमरेवर गुडघा रोवला. काहीतरी कडकन वाजलं, तसा तो खूश होऊन म्हणाला, "आता निजायचं न्हाय. हिंडत ऱ्हायचं."

तिथून डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "चोळायचं अजिबात नाही. फळीवर सपाट पडून राहा, हलू नका." वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि दोघांनाही वेड्यात काढलं. हा वात आहे, आंबट बंद करा, एरंडेल घ्या.

आईला कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्यामुळे मी सकाळी फळीवर पडून राही, दुपारी अंगणात फेऱ्या मारी, आणि एरंडेलामुळे मधूनमधून दोन्ही उपचार अर्धवट टाकून परसाकडे धावे. कमरेत फरक नव्हता.

"बघायचा दिवस पुढं ढकलू या," मी म्हणालो.

"पोरात खोट हाय म्हणतील," मामा म्हणाला.

"आणि असा वाकून गेलो तर?"

"लई नम्र हाय म्हणतील."

आणि झालं तसंच. मोहोळला मुलीच्या वडिलांनी दारात मला पाहिलं आणि मी नमस्कारच करतोय असं समजून तेही वाकले. मी उठेना, म्हणून तेही उठेनात. शेवटी मामानं त्यांच्या दंडाला धरून त्यांना सरळ केलं आणि काय झालंय ते सांगितलं.

मुलगी आली. मला तिची फक्त पावलं दिसली. रुंद, स्वच्छ पावलं, भिंतीच्या कडेकडेनं जपून टाकलेली. तेवढ्यात आई दचकून म्हणाली, "अगं बाई! कपाळाला काय लावलंय हिच्या?"

"सुंठीचा लेप," मुलीची आत्या म्हणाली. "अर्धशिशी हाय तिला. आज सकाळीच कळ उठली. निम्मंच डोकं दुखतंय, म्हून निम्म्यालाच लावलाय."

मामा पुढं सरकला. "सुंठीनं भागत न्हाय. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायची."

"जिलबी झाली," वडील म्हणाले. "गाईचं तूप नाकात सोडून झालं. डॉक्टरच्या पुड्या झाल्या, त्यानं पोट बिघडलं. तुमी एरंडेल दिलं का मास्तरांना?"

"दिलं की. नुसतं धावतंय."

मग बराच वेळ दोन्ही घरं उपचारांची देवाणघेवाण करत बसली. मुलीला स्वयंपाक येतो का, मला पगार काय, कुणी विचारलं नाही. शेक बरा की लेप बरा, यावर आई आणि आत्या तर जवळजवळ भांडल्या. इतक्यात आत्या बोलून गेली, "उसणीला एवढं कशाला? पायाळू माणसाची लाथ बसली की जाती. आमची पोरगी पायाळूच हाय की!"

वडिलांची पावलं गर्रकन आत्याकडे वळली. पायानं जन्मलेल्या माणसावर वीज पडते म्हणतात, त्यामुळे वडिलांनी ही गोष्ट लपवलेली असणार. पण आईचा आवाज आनंदानं चिरकला. "मग मारू दे की लाथ!"

"लगीन ठरलं तर मारंल," वडील सावरून म्हणाले. "परक्या पुरुषाला कशी लाथ मारंल?"

"ठरल्यावर मारली तर नवऱ्याला लाथ मारल्याचं पाप," मामा म्हणाला. "ठरायच्या आधीच मारू दे. आता तो नुसता रोगी हाय."

"आन् बरा होऊन पळून गेला तर?"

मी दोघांची पावलं बघत उभा होतो. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "माझं डोकं फुटतंय. मारायची तर सांगा, न्हायतर मी आत जाते."

"मारा," मी म्हणालो.

आमच्या संसारातला माझा पहिला शब्द तो. पुढच्याच क्षणी मी पोह्यांच्या ताटात होतो. भिंतीला धरून उठलो तर अर्धामुर्धा सरळ झालो होतो, आणि मला ती दिसली. एका बाजूनं राखाडी, एका बाजूनं सावळी. ती खदखदून हसत होती आणि हसण्यानं ठणका वाढला म्हणून डोकं गच्च धरून रडतही होती. मग ती आत जाऊन ओकली. मी मामाला सांगितलं, हीच मुलगी.

कंबर पुढं हळूहळू, आपसूक सुटली. श्रेय मात्र वस्ताद, डॉक्टर, वैद्यबुवा आणि मोहोळ, चौघांनीही पुरतं घेतलं.

लग्नानंतर तिची अर्धशिशी सोलापूरला आली. काळोखात निजलं आणि कुणी बोललं नाही तर तिला उतार पडे. पण आमच्या चाळीत अंधार मिळे, शांतता मिळत नसे. शेजारी माग खडखडत, आणि मामा दाराशी उभा राहून नवे उपाय ओरडून सांगे.

एका रविवारी ती अशीच पडली होती आणि आमचे हेडमास्तर दारात आले. काटकोनात वाकलेले. लाथेची कीर्ती शाळेपर्यंत गेली होती.

"तिचं डोकं उठलंय," मी हळूच सांगितलं.

"असू दे. मी थांबतो," ते म्हणाले आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसले.

निम्मी चाळ त्यांच्या हातची छडी खाऊन मोठी झालेली. त्यांना बघताच शेजारचा माग थांबला. पोरांनी गोट्या खिशात घातल्या. मामाही चपला हातात घेऊन बाहेर निघून गेला. दुपारभर चाळीत कुणी खोकलंसुद्धा नाही. ती गाढ झोपली. उठली तेव्हा डोकं उतरलं होतं. तोंड धुऊन ती बाहेर आली, आधी त्यांच्या पाया पडली आणि मग त्यांना लाथ मारली.

हेडमास्तर आले होते तितकेच वाकलेले परत गेले. पण फार समाधानानं गेले. जाताना म्हणाले, "बराच फरक आहे."

मी पुढच्या रविवारीही त्यांना चहाला बोलावलं.