बरी झालेली मुलगी

तेजल अकरावीत आहे. एचआयव्ही तिला जन्मतःच आईकडून आला. आई-बाबा ती लहान असतानाच गेले आणि वाकोल्याच्या चाळीतल्या एका खोलीत तिला शकुआत्याने वाढवलं. आत्या एका ऑफिसात साफसफाईचं काम करते. उजाडायच्या आत घर सोडते.

सरकारी केंद्रातून मिळणारी गोळी रोज रात्री घ्यायची. एवढं केलं की विषाणू दबून राहतो आणि माणूस चारचौघांसारखा जगतो. चाळीत कुणाला कळू नये म्हणून आत्याने डबीवरचं लेबल खरवडून काढलं आणि सांगून टाकलं, "पोरीला थायरॉइड आहे."

शेजारच्या रुक्मिणीकाकूंना खरोखरच थायरॉइड होता.

"अगं, मग रात्री कसली घेतेस?" त्या म्हणाल्या. "ही सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. तुझ्या डॉक्टरला काही कळतं का?"

खोटं सांभाळायचं म्हणून तेजल सकाळी गोळी घेऊ लागली. रिकाम्या पोटी मळमळायचं, एखाद्या दिवशी उलटीही व्हायची. पण काकू आपली डबी घेऊन दारात हजर असायच्या. "चल गं पार्टनर!" दोघी एकदमच गिळायच्या.

"तुझी केवढी मोठी गं! घोड्याची आहे का?"

"माझा थायरॉइडच मोठा आहे, काकू."

एका सकाळी काकूंची डबी रिकामी निघाली. "तुझी एक दे ना. अर्धीच घेते. संध्याकाळी आणल्या की परत करीन."

ही गोळी काकूंना देणं शक्यच नव्हतं. नाही म्हणायला कारणही सुचेना. तेजल बोलून गेली, "माझ्या संपल्या. डॉक्टरांनी बंदच केल्या, काकू. रिपोर्ट नॉर्मल आला."

काकूंनी तिला कवटाळलंच. दुपारी शिरा करून आणला, चाळभर सांगितलं. नळावरच्या बायका तिला म्हणाल्या, "सुटलीस बाई!" आजवर असं तिला कुणीच म्हटलं नव्हतं.

आता कुणाच्या देखत गोळी घ्यायची सोय उरली नाही. दार दिवसभर उघडं, काकूंची ये-जा सतत. रात्री आत्या विचारायची, "घेतलीस ना?" "घेतली," म्हणून तेजल कूस बदलायची. तेव्हा घेता आली असती. पण डबीला हात लावला की ती पुन्हा आजारी मुलगी होणार होती. अजून थोडे दिवस तिला बरी राहायचं होतं.

पुढच्या तपासणीत विषाणू वाढलेला निघाला. केंद्रातल्या समुपदेशक शुभाताईंनी आत्याला आणि तिला समजावलं, असंच चाललं तर या गोळीचा उपयोग होईनासा होईल. मग विचारलं, "का गं चुकतात गोळ्या?"

"विसरते," तेजल म्हणाली. ती एकही दिवस विसरली नव्हती.

"मोबाइलला अलार्म लाव हं," शुभाताई म्हणाल्या.

घरी येताच आत्याने डबी उघडली. गोळ्या तशाच होत्या. तिने भरदिवसा दार लावून घेतलं, पेला भरला आणि गोळी तेजलच्या हातावर ठेवली.

तेजलने ती जिभेवर ठेवली, तेवढ्यात दारावर काकूंची थाप पडली.

"शकु, दार कशाला लावलंस गं? पोरगी बरी आहे ना?"

"घे आधी," आत्या कुजबुजली.

तेजलने गोळी तोंडातून काढून मुठीत धरली आणि दार उघडायला गेली.