रेडिओची डावी बाजू

चौकातल्या सलूनवाल्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. कात्री सुरू झाली की तोंडाचा पट्टाही सुरू. गिऱ्हाइकाला केस कापून झाले तरी उठवत नसे.

डावीकडचं दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा मात्र त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दाराची चौकट खांद्याला लागायची. ताटात डाव्या हाताला वाढलेलं तसंच राहायचं. बायकोने विचारलं की म्हणायचा, “पोट भरलं.” त्याच्या थोरल्या भावाच्या डोक्यात गाठ निघाली होती. कवटी उघडून ती काढली, आणि दादा घरी आला तो वाचा घालवून. मरेपर्यंत बायकोकडे नुसता बघत बसायचा. आपल्या डोक्याला हत्यार लागू द्यायचं नाही, हे रेडिओने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मग एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचा कान वस्तऱ्याखाली आला. रेडिओच्या मुलीला कळलं तशी ती त्याला तडक डॉक्टरांकडे घेऊन गेली.

“गाठ साधी आहे, कॅन्सर नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आत पाणी साठून नजरेच्या जागेवर दाब येतोय. नेमके गाठीवरच किरण सोडायचे. रेडिओसर्जरी म्हणतात. संध्याकाळी घरी.”

“चिरायचं नाही?”

“एक टाकासुद्धा नाही. पण फार उशिरा आलात. गाठ थांबेल, गेलेली नजर परत येईल असं सांगवत नाही.”

मुलीने बापाकडे पाहिलं. “तुम्हाला कळत होतं, बाबा?”

“कळत होतं गं.”

चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून त्याला यंत्रात सरकवलं. दुखलं काहीच नाही. “रेडिओला रेडिओचाच इलाज,” म्हणून गिऱ्हाइकं हसली. तोही हसला. पुढच्या तपासण्यांत गाठ आक्रसत गेली. डावी बाजू मात्र उजळली नाही. शेवटी त्याने सलून विकलं.

त्या दुपारी तो दादाच्या बायकोकडे गेला. ती त्याच्या डाव्या हाताला बसली.

“भावजी, खरंच काही कापलं नाही?”

“नाही वहिनी.”

“ह्यांच्या वेळी असतं हे, तर?”

ती रडतेय हे त्याला हुंदक्यावरून कळलं. मग तो उठला, खुर्ची फिरवली आणि तिच्या समोर बसला.