दुखलेलं वर पोचलं का?

जनावरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते केसांसारखे पदराला चिकटून घरी येतात! मी अमरावतीला एका डॉक्टर मॅडमकडे मदतनीस आहे. जेवायला बसलं की घरचे विचारतातच, "आज कोनाचा नंबर?"

गजाननभाऊंच्या गाईच्या शेपटीवर गाठ होती. मॅडमनी शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं. गाय निवांत सरकीची ढेप खात उभी. भाऊ तिच्या तोंडापाशी.

"मॅडम, कापनं कदी सुरू करता?"

"कापून झालं. टाके घालून राहिली!"

भाऊंनी मागे वळून पाहिलं आणि धाडकन आडवे! मॅडम म्हणाल्या, "मावशी, पानी आना. याले इंजेक्शन द्याचं रायलं!"

आणखी एका गाईच्या वेळी मॅडम सांगत होत्या, "दुखल्याचा निरोप आधी मज्जारज्जूत येते. तिथले निरोप घेनारे रिसेप्टर औषधानं गप्प बसवले, का निरोप वर मेंदूत जातच नाही."

गाईची मालकीण हळूच म्हणाली, "सासूच्या बोलन्यासाठी हाय काय हो असं?"

सासू मागेच उभी. "असन तर दोन घे. एक मले!"

एकांनी म्हैस आणली होती. त्यांचे पुण्याचे जावई म्हणाले, "म्हशीची कातडी केवढी जाड! तिला कुठे दुखतंय?"

"मंग तिचा पाय धरता का?" मॅडमनी विचारलं.

सुई टोचली. जावई नडगी धरून खाली बसले. "दुखतं," म्हणाले.

परतवाड्याचे रशीदभाई बांगड्या विकतात. त्यांची बकरी राणी टिनाच्या छपरावरून पाठीवर पडली आणि मागचे पाय गेले. मूल नाही, नवरा-बायकोचा सगळा जीव राणीत. जीपमधून मांडीवर घेऊन आले. मॅडमनी खुरापाशी चिमटा दाबला. राणीनं पाय ओढला!

"हिल गया! अच्छी हो गई!" रशीदभाई उड्याच मारायला लागले.

मॅडम हसल्या नाहीत. त्या पायाकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. राणी रवंथ करत होती.

"भाऊ, पाय तर मज्जारज्जू आपल्या मनानंच ओढते. मेंदूले विचारत बी नाही. दुखलेलं वर पोचलं पायजे. ओरडली, तर उठाची आशा."

औषधं सुरू झाली. दर खेपेला चिमटा दाबायच्या वेळी रशीदभाई भिंतीकडे तोंड करायचे. "धीरे से, मॅडम!" भाभी तर येतच नव्हत्या. बघवत नाही म्हणायच्या. राणी पाय ओढायची आणि रवंथ करायची.

एका सोमवारी चिमटा लागला आणि राणीनं मान वळवून असा टाहो फोडला, की पिंजऱ्यातली कुत्रीसुद्धा भुंकायला लागली!

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. रशीदभाईंचे डोळे वाहत होते. त्यांनी घरी भाभींना फोन लावला आणि तो राणीच्या तोंडाजवळ धरला.

"मॅडम, एक बार और दबाओ ना! जरा जोर से!"