जोडायचे राहिलेले ठिपके

"मागे सरा! अजून! हं, आता बघा."

आमच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर चित्र दाखवताना माणसाला असे ढकलत ढकलत दाराबाहेर काढीत. एकदा मागे सरता सरता मी पायरीवरून थेट त्यांच्या अळवात जाऊन बसलो. "आता दिसलं ना?" वरून त्यांनी विचारलं. दिसलं होतं, हे कबूल केलंच पाहिजे.

तुम्ही जवळून बघितलं असतंत तर नुसते ठिपके! कडुनिंबाची काडी चावून, तिच्या टोकानं एकेक टेकवलेले. नारिंगी, जांभळे, पिवळे. मी भूगोल शिकवणारा. म्हटलं, "मास्तर, समुद्र निळा असतो हो."

"तुमच्या नकाशात! मांडवीच्या किनाऱ्यावर या एकदा, चार वाजता."

लांबून मात्र तेच ठिपके एकमेकांत मिसळत नि मांडवीचं पाणी असं चकाके, की आपोआप डोळे बारीक व्हावेत.

मास्तरांची नोकरी तात्पुरती. "मुंबईच्या प्रदर्शनात चित्र लागलं तर कायम करू," हेडमास्तर म्हणाले होते. चार महिने खपून मास्तरांनी मोठं चित्र केलं. राहायला शेजारीच, खोलीत ओल, म्हणून ते वाळायला आमच्या पडवीत ठेवलं. रंगाची बशीही तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी बोटीनं चित्र पाठवायचं होतं.

संध्याकाळी घरी येतो तो आई खुशीत. "मास्तरांना सवड झाली नसेल हो. पांढरे ठिपके तसेच राहिले होते. दिले जोडून!"

पाण्यावर ऊन चमकत होतं तिथं, भर समुद्रात, रांगोळीतलं आठ पाकळ्यांचं कमळ!

मास्तर आले, बघत राहिले. मग सवयीनं मागे सरत तुळशीपर्यंत गेले. "काकू, पाकळ्या अगदी सारख्या आल्यात हो," एवढंच म्हणाले.

पुसावं तर खालचे ठिपकेही जात होते. चित्र मुंबईला जायचं राहिलं, नोकरी गेली. चित्र त्यांनी आईलाच देऊन टाकलं.

खरा प्रकार कळल्यावर आई दोन दिवस धड जेवली नाही. मास्तर निघाले तेव्हा फणसपोळी घेऊन धक्क्यावर आली. "माझ्यामुळं झालं हो सगळं."

"काकू, मागे सरा, लाट येत्येय!" मास्तर हसले नि आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढले.

त्यांची पांढरी टोपी लहान लहान होत गेली. चार वाजले असतील. चकाकत्या पाण्यात शेवटी एक ठिपका उरला.

आईनं डोळ्यांना पदर लावला. "एकटाच राहिला रे," ती म्हणाली. "हा आता कशाला जोडू?"